पोलादी सायकल आणि कलम चौदा

पन्नाशीनंतर माणसाने हौस करू नये असे नाही, पण करण्याआधी ती एकदा हाताने उचलून बघावी. हेडक्लार्कांनी बघितली नाही. दुकानात सायकल दिमाखात उभी होती. शेवाळी रंग, मनगटाएवढे जाड टायर, चोवीस गिअर. दुकानदार म्हणत होता, "पोलाद आहे साहेब, पोलाद. ॲल्युमिनियमची सायकल रस्त्याचा धक्का सरळ तुमच्या अंगावर देते. पोलाद धक्का गिळतं." पाणीपुरवठा खात्यात सत्तावीस वर्षे काढलेल्या माणसाला धक्के गिळणाऱ्या वस्तूबद्दल आपुलकी वाटणारच. त्यांनी सायकल घेतली. तिचे वजन साडेसोळा किलो आहे, हे त्यांना सोबतच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात आणि उशिरा सापडले.

सायकल डोंगरात चालवायची होती. आता डोंगर म्हणावा असे शहराच्या आसपास काही नव्हते, पण कडेला एक टेकडी होती आणि तिच्या माथ्यावर खात्याची पाण्याची टाकी होती. त्या टाकीतल्या पाण्याची पातळी हेडक्लार्क सत्तावीस वर्षे रोज सकाळी वहीत उतरवत आले होते. फोनवर पलीकडून कुणीतरी आकडा सांगायचे, हे लिहायचे. टाकी त्यांनी पाहिली होती ती फक्त चौथ्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून, बोटाच्या पेराएवढी. एकदा सायकलने तिथपर्यंत जायचे, एवढेच त्यांच्या मनात होते. मागणे काही मोठे नव्हते. पण ते सांगायला गेले की ऐकणारा आधी सायकल उचलून बघायचा.

हा एक रोगच आहे. नवे कपाट दाखवले तर लोक ते उघडून बघतात, नवी गाडी दाखवली तर भोवती एक फेरी मारतात. सायकल दिसली की माणूस वाकतो, एका हाताने ती जमिनीपासून चार बोटे उचलतो आणि म्हणतो, "जड आहे." दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, दूधवाला म्हणाला, वॉचमनही म्हणाला. हेडक्लार्कांच्या पत्नीचा धाकटा भाऊ तर मुद्दाम म्हणायला आला. हा मेहुणा आयुष्यात कधी सायकलवर बसला नव्हता, पण मताच्या बाबतीत त्याने कधी स्वतःची उपासमार होऊ दिली नव्हती.

"भावोजी, मला विचारायचं होतंत. माझ्या मित्राची आठ किलोची आहे. करंगळीवर उचलतो."

"तो सायकल चालवतो की उचलतो?"

"दोन्ही."

"पोलाद धक्का गिळतं," हेडक्लार्क म्हणाले.

"गिळत असेल. पचवायचा तुम्हालाच आहे," मेहुणा म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी सायकल खाली जिन्यापाशी उभी होती आणि हेडक्लार्क तिचे पुढचे स्प्रिंगचे दांडे दाबून बघत होते. दाबले की ते खाली जात आणि सोडले की आवाज न करता वर येत. असे त्यांनी तीस-चाळीस वेळा केले. शेवटी पत्नी खाली उतरून आली.

"अहो, जेवायला येताय की ताट इथे आणू?"

"अगं, आवाज ऐक."

"कसला?"

"कसलाच नाही. तेच तर."

पत्नीने त्यांच्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघावे तसे बघितले. पण ती ताट झाकायला परत वर गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःसाठी छत्री सोडून काही मागितलेले तिला आठवत नव्हते.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. हे निवृत्त पोस्टमास्तर होते, आणि हेडक्लार्कांना मानणारा या शहरात एखादा माणूस असेलच तर तो हा. त्यांच्या हातात नियमावली होती.

"साहेब, सांगायला जीभ रेटत नाही," ते म्हणाले. "पण कलम चौदा."

कलम चौदा असे होते: इमारतीच्या आवारात फक्त नोंदणीकृत व क्रमांकपट्टी असलेली वाहनेच ठेवता येतील. कलम पंधरा: जिना व जिन्याची वळणे येथे कोणतीही वस्तू क्षणभरही ठेवू नये. कलम सोळा: चाके असलेली कोणतीही वस्तू लिफ्टमधून नेऊ नये. ही नियमावली अकरा वर्षांपूर्वी, स्वतः सेक्रेटरी असताना, एका रविवारी सकाळी बसून हेडक्लार्कांनीच लिहिली होती. त्यांच्या आयुष्यात छापून आलेले तेवढेच. 'क्षणभरही' हा शब्द तर त्यांना तिसऱ्या खर्ड्यात सुचला होता आणि सुचल्यावर त्यांनी स्वतःला एक जादा चहा दिला होता.

"काय मसुदा आहे साहेब," सेक्रेटरी पाने उलटत भक्तिभावाने म्हणाले. "मी चाळीस वर्षं पोस्टात काढली, पण असा नाही बघितला. कुठे फटच नाही."

हेडक्लार्कांना आनंद झाला, पण तो टिकला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? आपल्याच नियमातून सवलत मागणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. लाचखाऊ सेक्रेटरी असता तर काही मार्ग निघाला असता. भक्तापुढे माणूस फार असहाय होतो.

दुसऱ्या दिवशी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून वाहन नोंदणी कार्यालयात गेले. सायकलला नंबर मिळाला तर कलम चौदा आपोआप सुटणार होते. तीन खिडक्या फिरल्यावर चौथ्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला.

"इंजिन क्रमांक?"

"इंजिन नाही."

"मग रकाना रिकामा राहतो. अर्ज अपूर्ण आहे."

"मग हे वाहन नाही, असा दाखला द्या."

कारकुनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जे वाहन नाही त्याचा दाखला आम्ही कसा देणार? उद्या कुणी कपाटाचा मागेल."

त्या कारकुनाच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो, हे हेडक्लार्कांना कळत होते, आणि त्याचेच जास्त वाईट वाटत होते.

राहिला जिना. जिन्यावरून सायकल नेऊ नये असे कुठेही लिहिलेले नव्हते. ठेवू नये, एवढेच लिहिले होते. म्हणजे चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत आणि तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत साडेसोळा किलो खांद्यावर घेऊन एका दमात जायचे, मध्ये क्षणभरही टेकवायचे नाही. सेक्रेटरींनी अलीकडेच प्रत्येक वळणावर कॅमेरे बसवले होते, पण ते नसते तरी हेडक्लार्कांनी सायकल टेकवली नसती. ज्याने नियम केला त्याने तो मोडायचा म्हणजे मग राहिले काय?

आणि जिन्यात माणूस सायकल घेऊन उभा आहे हे दिसले की लोकांना बोलावेसे वाटते. पहिल्या मजल्यावरच्या आजीबाई दार उघडून त्यांना आपल्या गुडघ्याबद्दल सांगत. दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट अपघाती मृत्यूच्या योजनेबद्दल सांगत. तिसऱ्या मजल्यावर शाळेत खेळ शिकवणारे मास्तर राहत. ते फक्त शास्त्रीय माहिती देत.

"चुकीचं धरलंय तुम्ही. वजन खांद्यावर नाही, कमरेवर यायला पाहिजे."

"हो का."

"श्वास नाकानं. आणि डावा पाय आधी. थांबा, दाखवतो, जरा उतरवा खाली."

"उतरवता येत नाही."

"का?"

"कलम पंधरा."

"अरे हो," मास्तर म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून समजावू लागत. हेडक्लार्क मानेत हँडल रुतवून, पेडल बरगडीत घेऊन, हसऱ्या चेहऱ्याने ऐकत. मोठ्या माणसांचे बोलणे मध्येच तोडता येत नाही. साडेसोळा किलो धरून उभ्या असलेल्या माणसाला तर मुळीच तोडता येत नाही, कारण त्याच्या अंगात तेवढे त्राणच नसते.

खाली पोचेपर्यंत पाय थरथरत. मग सायकलवर बसायचे आणि निघायचे. पण निघताना एक हिशोब डोक्यात असे, की परत आल्यावर हीच सायकल चार मजले वर न्यायची आहे आणि त्यासाठी अंगात काही शिल्लक ठेवले पाहिजे. त्यामुळे हेडक्लार्क कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जात आणि वळत. तीन महिन्यांत त्यांनी तो दुकानदार सोडून काही पाहिले नाही. तो बिचारा रोज विचारायचा, "काही हवंय का?" आणि हे रोज म्हणायचे, "नाही, वळतोय."

नव्याचे नऊ दिवस संपले असते तर बरे झाले असते. पण हौस संपेना. रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीत सायकल दोन खुर्च्यांमध्ये उभी करून ते तिची साखळी पुसत आणि खिडकीतून टाकीकडे बघत. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता.

"एक तर तिला विका," पत्नी एके दिवशी म्हणाली, "नाही तर तो नियम बदला. मला ही नवऱ्याची हमाली बघवत नाही."

नियम बदलण्याची तरतूद होती. कलम एकतीस: दुरुस्तीसाठी सर्व सोळा सभासदांची लेखी संमती आवश्यक. हेही कुणी लिहिले होते ते सांगायला नको. हेडक्लार्क दुरुस्तीचा मसुदा करायला बसले, आणि लेखणी हातात आल्यावर त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला. त्यांनी लिहिले: जिन्याखालील मोकळ्या जागेत एक सायकल ठेवता येईल. 'एक' मुद्दाम लिहिले. आपल्या सायकलीशेजारी दुसऱ्या कुणाची घासत उभी राहावी हे त्यांना नको होते. आणि पुढे लिहिले: जागा अर्जांच्या तारखेच्या क्रमाने देण्यात येईल. स्वतःचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी तारीख घालून सेक्रेटरींकडे दिला. म्हणजे पहिला नंबर पक्का.

सह्या गोळा करायला पंधरा दिवस लागले. आजीबाईंनी सही करण्याआधी सगळा कागद तीनदा वाचून घेतला. विमा एजंटांनी सही दिली आणि एक पॉलिसी गळ्यात मारली. पंधरा सह्या झाल्या. सोळावी राहिली ती तळमजल्यावरच्या टेलरबाईंची.

टेलरबाई मागच्या बाजूच्या एका खोलीत राहत आणि तिथेच शिवत. हेडक्लार्क गेले तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच खुर्ची दाखवली. खुर्चीवर कापड होते, म्हणून हेडक्लार्क उभे राहिले.

"वाचून दाखवा," टाचण्या काढून बाई म्हणाल्या.

त्यांनी वाचून दाखवले.

"कसली आहे सायकल?"

"पोलादी," हेडक्लार्क खुलून म्हणाले. "पोलादाचं असं आहे बाई, की—"

"माझीपण पोलादीच होती. तेव्हा सगळ्याच पोलादी असायच्या."

हेडक्लार्कांना अंधूक काहीतरी आठवू लागले.

"जिन्याखालीच असायची," बाई शांतपणे म्हणाल्या. "कपडे पोचवायला लागायची. मग तुमचा नियम आला. तीन नोटिसा पाठवल्यात तुम्ही. खोलीत मशीन ठेवू की सायकल? भंगारात दिली. अकरा वर्षं पायी पोचवतेय."

"तेव्हा सांगायचं होतंत."

"अर्ज दिला होता. सायकल ठेवायची परवानगी द्या म्हणून. त्याचं उत्तर आलं नाही." बाईंनी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "आधी त्याचं उत्तर द्या. मग सही."

हेडक्लार्क ऑफिसात नेहमी सांगत, की आपल्या टेबलावर कागद सात दिवसांच्या वर राहिला तर राजीनामा देईन. नव्या कारकुनांना तर ते हे पहिल्याच दिवशी सांगत. आता ते तसेच सेक्रेटरींच्या घरी गेले आणि जुनी फाईल मागितली. सेक्रेटरींनी ती दिली, आणि साहेबांना निवांत वाचता यावे म्हणून ते आत चहा सांगायला गेले.

अर्ज होता. वहीच्या पानावर, टपोऱ्या अक्षरात, चार ओळी. खाली हेडक्लार्कांच्याच हातचा शेरा होता: 'विचाराधीन.' पुढे काही नाही. तो कधी कमिटीपुढे गेलाच नव्हता. बाई कंटाळून गप्प बसतील असे तेव्हा वाटले होते, आणि बाई बसल्याही होत्या.

मग त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. जागा एक. अर्जांच्या तारखेच्या क्रमाने. आणि हा अर्ज त्यांच्या अर्जापेक्षा अकरा वर्षे जुना होता.

आतून कपबशांचा आवाज येत होता. कागद जीर्ण झाला होता, टाचणी गंजली होती. नुसता ओढला असता तरी हातात आला असता, आणि घडी करून खिशात गेला असता. बाईंना सांगता आले असते की शोधला, सापडत नाही. सेक्रेटरींनी तर साहेबांच्या शब्दापुढे फाईलवरही विश्वास ठेवला नसता. हेडक्लार्कांचा हात पानावर गेला. त्यांच्या डोळ्यांसमोर चार मजले आले, मास्तर आले, टाकी आली. त्यांचा खांदा ठणकत होता. फार दमलो आहोत आपण, असे त्यांना वाटले, आणि दमलेल्या माणसाला एवढे माफ असायला हरकत नसावी, असेही वाटले.

पण माणसाने सत्तावीस वर्षे कागद जपण्यात घालवली की त्याच्या हातांना काही गोष्टी येईनाशा होतात. सेक्रेटरी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा हेडक्लार्क त्या अर्जाला नवी टाचणी लावत होते. त्यांनी त्यावर 'अनुक्रमांक एक' लिहिले, आपल्या अर्जावर 'अनुक्रमांक दोन' लिहिले आणि फाईल बंद केली. चहा त्यांना गोड लागला नाही.

तिथून ते पुन्हा टेलरबाईंच्या दारात गेले.

"अर्ज सापडला. माझ्याकडेच अडकला होता. चूक माझी." हे शेवटचे दोन शब्द त्यांनी आयुष्यात प्रथमच एकापुढे एक उच्चारले असावेत. "तुमचा नंबर पहिला आहे."

"आणि तुमचा?"

"दुसरा."

"जागा किती आहेत?"

"एक."

बाईंनी मशीनच्या खणातून पेन काढले आणि सही केली.

सभेत ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. सेक्रेटरींनी फाईल उघडून, क्रमाने, कुणाच्याही तोंडाकडे न बघता वाचले: जागा टेलरबाईंना. खेळाच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याला ही बातमी कळली तेव्हा तो फोनवर इतका हसला की पत्नीने फोन ठेवून दिला. सोसायटीत आता एक माणूस होता ज्याच्याकडे सायकल होती पण जागा नव्हती, आणि एक बाई होत्या ज्यांच्याकडे जागा होती पण सायकल नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी हेडक्लार्क औषधांच्या दुकानाला वळसा घालून आले आणि नेहमीसारखी सायकल खांद्यावर चढवू लागले. टेलरबाई दारात उभ्या होत्या.

"कुठे निघालात?"

"वर."

"ठेवा ती तिथे जिन्याखाली."

"ती जागा तुमच्या सायकलची आहे."

"मग माझी म्हणून ठेवा. सोमवार ते शनिवार मी कपडे पोचवीन. रविवारी तुम्ही न्या."

हेडक्लार्क काही बोलायच्या आत सेक्रेटरी पुढे झाले, कारण ते जिन्यातच उभे होते. "चालेल. पण सायकल बाईंची आहे असं लेखी लागेल, साहेब. नाही तर तुमच्याच मसुद्याला फट पडेल."

वाईट वाटले, खोटे कशाला सांगा. हौसेने घेतलेल्या सायकलवर त्यांचा जो काही हक्क होता तो त्यांनी अर्ध्या कागदावर लिहून दिला आणि खाली सही केली. सही करताना खांदा मात्र हलका झाला होता. वर गेल्यावर पत्नीने विचारले, "सायकल कुठे आहे?" तेव्हा ते म्हणाले, "खाली आहे," आणि हात धुवायला गेले.

बाईंनी आठवडाभरात सायकलला मागे कॅरिअर लावून घेतले, पुढे टोपली लावली, सीट दोन बोटे खाली घेतली आणि स्वतःसाठी एक ढगळ पायजमा शिवला. सायकलच्या दुकानदाराने टोपली बसवताना डोळे मिटून घेतले म्हणे. गल्लीतून ती शेवाळी सायकल गठ्ठे घेऊन जाताना हेडक्लार्क खिडकीतून बघत. बाई औषधांच्या दुकानापाशी वळत नसत. सरळ जात.

रविवार आला. हेडक्लार्कांनी पहाटेच सायकल काढली. चार मजल्यांसाठी काही शिल्लक ठेवायचे नव्हते, म्हणून सगळे खर्च करता येत होते. दुकानदाराने "काही हवंय का?" विचारेपर्यंत ते पुढे निघून गेले. चढावर तीनदा उतरले, दोनदा ढकलली, एकदा कॅरिअरवर बसून राहिले. खड्डे आले, दगड आले, आणि सायकलच्या दुकानदाराने एक गोष्ट खरी सांगितली होती. टाकी जवळून मनातल्यापेक्षा बरीच लहान निघाली. तिच्यावर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी होती, आणि हेडक्लार्कांनी सत्तावीस वर्षांत प्रथम तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. मग ते तिच्या सावलीत पाय पसरून तासभर बसले. त्यांना रडू येईल असे वाटले, पण तेवढीही शक्ती उरली नव्हती.

परत आले तेव्हा दुपार झाली होती. टेलरबाईंनी सायकलभोवती एक फेरी मारली, टोपली चाचपली आणि टायरकडे बोट केले.

"चिखल पुसून ठेवा. उद्या सकाळी पांढरे गणवेश न्यायचेत."

हेडक्लार्कांनी खिशातला रुमाल काढला, जिन्याखाली बसले आणि दोन्ही चाके पुसली. जागा सोडताना त्यांनी विचारले, "बाई, बुधवारी सुट्टी आहे मला. बुधवारी मिळेल का?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "अर्ज द्या," म्हणाल्या.

हेडक्लार्कांनी तो संध्याकाळच्या आत दिला, आणि बुधवारी सकाळी त्यांना उत्तर मिळाले: 'मंजूर.'